आमची वाटचाल: सुट्या सेल्फपासून पूर्ण वायरिंगपर्यंत

जुन्या गाड्यांच्या इलेक्ट्रिकल दुरुस्तीचं आमचं वर्कशॉप. सुरुवातीला आमच्याकडे फक्त डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा) आणि सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) यायचे. कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) साफ करायचा, कार्बन ब्रश बदलायचे, बेंचवर फिरवून द्यायचे. पण बेंचवर जोमात फिरणारा सेल्फ गाडीत बसवला की पुन्हा कण्हायचा. दोष बहुतेक वेळा इंजिन आणि बॉडीमधल्या अर्थच्या पट्टीत, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीत असे. म्हणून आम्ही सुटा भाग घेणं कमी केलं आणि गाडीच मागवू लागलो.

आता आधी बॅटरी तपासतो. गाडी बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत. मग इग्निशन कॉइलची (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या) बारीक वायर काढून गाडी सुरू होणार नाही अशी करायची, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खांबावर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरं इंजिन ब्लॉकवर ठेवायचं आणि सेल्फ मारायचा. 0.2 व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर पट्टी खोलून दोन्ही टोकांचा रंग-गंज खरवडायचा. ओहममध्ये मोजून हे सापडत नाही. दोन-चार तारा शाबूत असलेली केबलसुद्धा मीटरवर जवळपास शून्य दाखवते, पण सेल्फचा करंट वाहू देत नाही. सेल्फ मारताना चोकची केबल गरम होत असेल तर अर्थची पट्टी तुटलेलीच समजा: करंट तिथून वाट काढतोय.

अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. बॅटरी उलटी जोडली तर नंतर बसवलेल्या अल्टरनेटरचे डायोड क्षणात जातात. डायनॅमोची गाडी मुद्दाम निगेटिव्ह अर्थची करायची असेल, तर बॅटरी फिरवल्यावर कंट्रोल बॉक्सवरची (डायनॅमोचं चार्जिंग सांभाळणाऱ्या डबीवरची) डायनॅमोच्या फील्ड गुंडाळीची वायर काढून अर्थ नसलेल्या बॅटरी टर्मिनलला क्षणभर टेकवावी, कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल कराव्यात.

फ्यूजबाबत आम्ही हट्टी आहोत. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या काचेच्या फ्यूजवरचा 35 हा वितळण्याचा आकडा. सतत तो साधारण 17 अँपिअर सोसतो. त्याच जागी सतत 35 सोसणारा नवा फ्यूज घातला, तर आधी वायर जळते.

वायरिंगचं काम त्यातूनच वाढलं. संपूर्ण हार्नेस (गाडीतल्या वायरींचा जुडगा) बदला, असा आग्रह अनेक मालक धरतात. बहुतेक वेळा तो अनावश्यक असतो. इन्शुलेशन वाकवल्यावर तडकत नसेल, तर बुलेट कनेक्टर (वायरींच्या टोकांचे गोळीसारखे जोड) आणि त्यांच्या स्लीव्ह बदलून भागतं. तडकत असेल तर नवा हार्नेस जुन्याच रंगांत बनवतो: तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, काळी अर्थची. हेडलाइटला रिले (स्विचऐवजी मोठा करंट स्वतः वाहून नेणारा भाग) मात्र घालतोच. 55 वॅटचे दोन बल्ब मिळून 9 अँपिअरच्या वर ओढतात आणि जुन्या स्विचचे कॉन्टॅक्ट तेवढ्याने काळे पडतात.

गाडी देताना वायरिंगच्या आराखड्याची प्रत आणि प्रत्येक जोडावर मोजलेला व्होल्टेज ड्रॉप (व्होल्टची घट) लिहून देतो.