पाचपैकी किती?

सत्र संपत आलं की अभिप्रायाचे फॉर्म निघतात. सत्रभर आम्ही ज्यांचे गुण कापले, ते आता आमचे कापणार. विषयाची तयारी, वक्तशीरपणा, शंकानिरसन… प्रत्येकापुढे एक ते पाच. बहुतेक मुलं एक आकडा धरून वरपासून खालपर्यंत सरळ उतरतात. एकाने मला सगळीकडे चार दिले होते. 'शिक्षक वर्गात मोबाइल वापरतात' या वाक्यालाही!

खरं मूल्यमापन वर्गातच चाललेलं असतं. तास संपायला पाच मिनिटं असताना मागच्या बाकावरून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज येतो. एक चेन वाजली तर चालतं. चार वाजल्या की समजायचं, आज आपण नापास.

आणि निकाल बहुधा पहिल्याच दिवशी लागलेला असतो. १९९३ साली नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थाल या मानसशास्त्रज्ञांनी अनोळखी लोकांना कॉलेजातल्या शिक्षकांच्या शिकवण्याच्या जेमतेम ३० सेकंदांच्या चित्रफिती दाखवल्या, तेही आवाज बंद करून. त्यांनी बांधलेला अंदाज सत्रभर तासाला बसलेल्या विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांशी बऱ्यापैकी जुळला. मग मी घसा कशाला फोडतो, देव जाणे. जर्मनीत वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या काही गटांना तासाला चॉकलेटची बिस्किटं ठेवली, तर त्यांना शिक्षकच काय, अभ्याससाहित्यही जास्त आवडलं!

मला मात्र अमेरिकन हवाई दलाच्या अकादमीतला अभ्यास जास्त छळतो. २०१० साली तो प्रसिद्ध झाला. तिथे कुठला शिक्षक कोणाच्या वाट्याला येईल हे नशिबावर असतं. कॅल्क्युलसच्या पहिल्या कोर्सात ज्यांच्या हाताखाली मुलांना चांगले गुण पडले, त्यांना मुलांनीही हात सैल सोडून गुण दिले. पुढच्या गणितात मात्र तीच मुलं मागे पडली. फॉर्म तर आधीच भरून झाले होते.

असाच एक फॉर्म मीही भरला होता. आमचे एक सर उत्तर चुकलं तरी खोडायचे नाहीत, समासात लाल शाईने फक्त 'का?' लिहायचे. तो 'का?' बघून डोकं उठायचं. मी त्यांना दोन दिले, तेही उदारपणे.

आता वह्या तपासताना समासात माझाही हात आपसूक तेच लिहितो. यंदाच्या गठ्ठ्यात एक फॉर्म होता. अक्षर गिचमिड, पेन दाबून लिहिलेलं: 'सर उत्तर सांगतच नाहीत.'

शंकानिरसनापुढे दोन.