बंदूक घरात, अर्ज पोलिसांत

पोलिसांत जायचं ठरवलं तेव्हा ओळखीतल्या निम्म्या लोकांनी सल्ला दिला की अर्ज भरण्याआधी घरातल्या बंदुका विकून मोकळा हो. उरलेले म्हणाले, टेक्सासमध्ये बंदूक बाळगणारा उमेदवार त्यांना हवाच असतो, तुझं काम झालंच म्हणून समज. मी दोघांचंही ऐकलं नाही आणि ते बरंच झालं. माझी तपासणी करणाऱ्या डिटेक्टिव्हला बंदूक आहे की नाही यात काडीचाही रस नव्हता. ती आली कशी, ठेवता कुठे, कुणाला दिलीत का, हे त्याला हवं होतं. आणि मी दिलेलं प्रत्येक उत्तर याआधी कुठल्या तरी कागदावर सही करून दिलेल्या उत्तराशी जुळतं की नाही, हे तो बघत होता.

मी इथे एमएस करायला आलो. मग आयटीतली नोकरी, ग्रीन कार्ड, यथावकाश नागरिकत्व, हा सगळ्यांचाच रस्ता. पोलिसाचं खूळ त्यानंतरचं. (‘एवढं शिकून शेवटी हवालदारच व्हायचं होतं, तर सोलापूर काय वाईट होतं?’ या आईच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.) शहर डॅलसच्या आसपासचं, खातं मध्यम आकाराचं. नाव सांगत नाही.

लेखी आणि शारीरिक चाचणीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. धावायचं, दंड काढायचे, झालं. खरा घाम काढला तो पर्सनल हिस्टरी स्टेटमेंट नावाच्या बाडाने. आजवर राहिलेले सगळे पत्ते, सगळ्या नोकऱ्या, जुने रूममेट, शेजारी, कर्जं, ट्रॅफिकची तिकिटं. आमच्या खात्याच्या बाडात एक पान फक्त बंदुकांसाठी होतं. कंपनी, कॅलिबर, सिरियल नंबर, कधी आणि कुणाकडून घेतली, आता कुठे आहे, असे रकाने. त्याखाली बारीक अक्षरात: यापूर्वी मालकीच्या होत्या पण आता नाहीत अशाही लिहा.

ही शेवटची ओळ वाचून अनेकांचा हात थबकतो. कारण अमेरिकेत बंदुकांची केंद्रीय नोंदवही नाही. १९८६च्या कायद्यानेच तशी नोंदवही करायला मनाई आहे. दुकानातून बंदूक घेताना एफबीआयच्या निक्स यंत्रणेकडे तुमची चौकशी होते (१९९३च्या ब्रेडी कायद्यातून ती १९९८ साली सुरू झाली), पण खरेदीला हिरवा कंदील मिळाला की तुमची ओळख सांगणारी ती नोंद २४ तासांत पुसावी लागते. टेक्सास राज्याचीही नोंदवही नाही, आणि दोन रहिवाशांनी आपापसात केलेल्या विक्रीला कागदच लागत नाही. म्हणजे डिटेक्टिव्हने संगणकावर माझं नाव टाकलं आणि माझ्या बंदुकांची यादी समोर आली, असं होत नाही. मग एखादी लिहिली नाही तर कळणार कुणाला?

कळतं. पुढे पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायची चाचणी, असते. खासगी कंपन्यांना नोकरभरतीत पॉलिग्राफ वापरायला १९८८च्या कायद्याने बहुतांशी बंदी घातली, सरकारी खात्यांना नाही. बायकोची मुलाखत असते, जुन्या रूममेटला फोन जातो, सोशल मीडिया चाळला जातो. आणि एक बंदूक लपवली हे उघड झालं, की प्रश्न बंदुकीचा राहतच नाही. उद्या कोर्टात साक्ष देताना हा माणूस काय करेल, असा तो प्रश्न होतो. खोटं बोललेल्या पोलिसाची ती नोंद सरकारी वकिलाला बचाव पक्षापुढे ठेवावी लागते. असा पोलीस कुठल्याच खात्याला नको असतो.

माझ्याकडे एक ग्लॉक कंपनीचं पिस्तूल होतं, एक शॉटगन, आणि ओळखीतल्या एका निवृत्त गृहस्थांकडून घेतलेलं जुनं रिव्हॉल्वर. शिवाय एक पिस्तूल मी पूर्वी विकलं होतं. चारही लिहिली.

ग्लॉकपासून चौकशी सुरू झाली. ते मी ग्रीन कार्डवर असताना घेतलेलं. दुकानात भरायचा फॉर्म ४४७३ असतो, त्यावर नागरिकत्व कुठल्या देशाचं ते लिहावं लागतं आणि परदेशी नागरिकाला आपला ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशनने दिलेला नोंदणी क्रमांकही द्यावा लागतो. त्याची इमिग्रेशनकडे वेगळी पडताळणी होते, त्यामुळे माझा निकाल ‘डिलेड’ आला होता. तीन निकाल असतात: प्रोसीड, डिलेड, डिनाइड. डिनाइड म्हणजे नकार, डिलेड म्हणजे थांबा, अजून तपासतोय, एवढंच. दोन-तीन दिवसांत प्रोसीड आलं आणि पिस्तूल हातात पडलं. पण बाडात प्रश्न होता, बंदूक खरेदी करताना कधी नकार मिळाला आहे का? मी ‘नाही’वर खूण केली आणि शेजारी डिलेचा सगळा किस्सा तारखेनिशी लिहून टाकला. डिटेक्टिव्ह म्हणाला, बरेच उमेदवार या दोन शब्दांत गोंधळतात आणि विनाकारण स्वतःला नकार मिळाल्याचं लिहून बसतात.

रिव्हॉल्वरच्या नंबरवर तो जास्त वेळ थांबला. खासगी खरेदी, कागद नाही. तो नंबर त्याने एनसीआयसीत टाकला. हा एफबीआयचा देशभरचा साठा, त्यात चोरीला गेलेल्या बंदुकांची नोंद असते. मी टेबलापलीकडे बसलेलो. नंबरातलं एक चिन्ह शून्य आहे की इंग्रजी ओ, ते त्यालाही समजेना. मी फोनवरचा फोटो मोठा करून दाखवला, तरी समजेना. मग त्याने दोन्ही प्रकारे टाकून पाहिलं. दोन्ही वेळा काही निघालं नाही.

विकलेल्या पिस्तुलाचा मात्र माझ्याकडे कागद होता. कायद्याने लागत नसला तरी विकताना मी एक साधी विक्रीपावती केली होती आणि घेणाऱ्याचं टेक्सासचं लायसन्स बघून घेतलं होतं. डिटेक्टिव्हने पावतीची प्रत काढून फाइलला लावली. यामागचं कारण त्यानेच सांगितलं. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढायची वेळ आली, की वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला एटीएफचं, म्हणजे बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याचं, केंद्र आहे तिथे विचारणा जाते. तिथले लोक कारखान्यापासून सुरुवात करतात, मग घाऊक विक्रेता, मग दुकान, आणि दुकानातल्या ४४७३वर ज्याचं नाव आहे तो पहिला गिऱ्हाईक. तिथे माग संपतो. पुढे ती कितीही हातांतून गेलेली असो, पहिला फोन त्या गिऱ्हाइकाला. ते पिस्तूल मी दुकानातून नवं घेतलेलं, म्हणजे तो फोन मला.

सगळ्यात लांबलेला प्रश्न हा नव्हताच. ‘दुसऱ्या कुणासाठी कधी बंदूक खरेदी केलीत का?’ मी नाही म्हणालो. ‘कुणी विचारलं होतं?’ हो. आमच्यातलाच एक मित्र, एच-१बीवर. त्यांच्या कॉलनीत घरफोड्या झाल्या तेव्हा तो मागे लागला होता, ‘अरे तुझ्या नावावर घे ना, पैसे मी देतो. तसंही आपल्यात काय तुझं-माझं?’ मी त्याला म्हटलं, बाबा रे, फॉर्मवर पहिल्याच काही प्रश्नांत विचारतात की खरा घेणारा तूच का, आणि तिथे खोटं ‘हो’ लिहिणं हा दहा वर्षांपर्यंतचा गुन्हा आहे. एच-१बीवाल्याला एरवी बंदूक बाळगता येत नाही, पण राज्याचा शिकारीचा परवाना काढला तर त्याला कायद्यात सवलत आहे, तू रीतसर तसं कर. तो रुसला. दिवाळीच्या फराळाला आला नाही.

डिटेक्टिव्हने हे सगळं लिहून घेतलं आणि मला ॲब्रॅम्स्कीचा खटला माहीत आहे का विचारलं. माहीत नव्हता. ब्रूस ॲब्रॅम्स्की हा व्हर्जिनियातला माजी पोलीस. पोलिसांना मिळणाऱ्या सवलतीत ग्लॉक मिळेल म्हणून त्याने २००९ साली पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या अंकलसाठी ते घेतलं. अंकलने आधीच ४०० डॉलरचा चेक पाठवला होता. दोघांनाही बंदूक बाळगायला कायद्याने कसलीच आडकाठी नव्हती, पुढे अंकलच्या नावावर ती परवानाधारक दुकानातूनच गेली. तरी फॉर्मवर खरा घेणारा मीच, असं लिहिल्याबद्दल तो दोषी ठरला आणि २०१४ साली सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते कायम केलं. २०२२च्या कायद्याने तर ज्याला बंदूक बाळगायला मनाई आहे अशा माणसासाठी जाणूनबुजून खरेदी करणं हा १५ वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा वेगळा गुन्हाच केला आहे. मित्राला मी हे नंतर ऐकवलं. आता फराळाला येतो.

माझ्या बॅचमधला एक उमेदवार याच फॉर्मवर अडकला. गुणी मुलगा, धावण्यात आमच्यात पहिला. त्याने बाडात प्रामाणिकपणे लिहिलं की कोलोरॅडोत राहताना काही काळ तो गांजा ओढत असे, तिथे तो कायदेशीर आहे. बंदुकांच्या पानावर त्याच काळात दुकानातून घेतलेली एक रायफलही लिहिली. त्या वेळच्या ४४७३वर अमली पदार्थांचा प्रश्न होता आणि त्याखालीच ठळक सूचना होती, की राज्यात चालत असला तरी केंद्राच्या कायद्याने गांजा बेकायदाच. तिथे त्याने ‘नाही’ लिहिलेलं असणार, नाहीतर रायफल मिळालीच नसती. दोन पानं शेजारी ठेवली की हिशेब उघड. मला त्याच्याबद्दल खरंच वाईट वाटलं. गांजाचं वर्ष जुनं होतं, कदाचित तेवढ्यावर निभावलंही असतं. रायफलच्या तारखेने घात केला.

घरगुती हिंसाचाराबद्दल मात्र कसलीच घासाघीस नसते. १९९६च्या लॉटनबर्ग दुरुस्तीनुसार अशा किरकोळ गुन्ह्यातही दोषी ठरलेल्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही, आणि पोलिसाला ड्यूटीवरची बंदूकसुद्धा यातून वगळलेली नाही. म्हणून माझ्या बायकोला स्वतंत्र बसवून विचारलं, हा चिडला की काय करतो, बंदूक कधी बाहेर काढली आहे का? ती म्हणाली, ‘चिडला की भांडी घासायला लागतो. फार चिडला की डिशवॉशरमधली धुतलेली पुन्हा घासतो.’ हे उत्तर रिपोर्टमध्ये जसंच्या तसं गेलं आहे असं मला खात्रीलायक समजलं.

तिच्याच इन्स्टाग्रामवरून दसऱ्याचा फोटो निघाला. पाटावर लाल कापड, त्यावर माझा लॅपटॉप, पान्हे, बाबांनी पाठवलेला अडकित्ता, आणि मधोमध ग्लॉक. स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढलेली, गोळ्यांचं मॅगझिन काढून बाजूला, नळीवर हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल. डिटेक्टिव्हने प्रिंटआउट माझ्यासमोर सरकवला आणि नुसताच बघत राहिला. मी त्याला खंडेनवमी आणि शस्त्रपूजा समजावली: ज्याच्यावर पोट चालतं आणि ज्याने रक्षण होतं ती साधनं वर्षातून एकदा पुजायची. तो म्हणाला, ‘आणि हे पिवळं काय आहे? डाग असेल तर साफ करा.’ हळद, मी म्हटलं. मग त्याने बोटाने उघडी स्लाइड आणि बाजूचं मॅगझिन दाखवलं आणि विचारलं, हे तुम्ही ठरवून केलं होतं? हो, घरात लहान मुलगी आहे, पूजेलाही भरलेलं पिस्तूल ठेवणार नाही. पुढचा प्रश्न त्याने विचारला नाही, पान उलटलं.

मुलीमुळेच घरभेटीत त्याला तिजोरी बघायची होती. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं हा गुन्हा आहे. तिजोरी कपाटात, इस्त्रीच्या टेबलामागे. त्याने मुलीला नाही, मला विचारलं, तिला कोड माहीत आहे का? मग तिजोरीचं दार स्वतः ओढून बघितलं.

पिस्तूल जवळ घेऊन बाहेर फिरण्याचा परवाना, म्हणजे लायसन्स टू कॅरी, माझ्याकडे होता. २०२१पासून टेक्सासमध्ये तो बहुतेकांना सक्तीचा नाही, तरी मी काढलेला. त्यासाठी बोटांचे ठसे, वर्ग आणि ५० गोळ्यांची चाचणी द्यावी लागते, राज्याचा कर किंवा मुलांची पोटगी थकवणाऱ्यालाही तो मिळत नाही. त्याचा थोडा उपयोग झाला असावा, राज्याने एकदा चाळून घेतलेला माणूस म्हणून. नेमबाजीचा उपयोग शून्य. भरतीतल्या मानसिक तपासणीत मानसोपचारतज्ज्ञांनी विचारलं, बंदूक का ठेवता? मी म्हटलं, रेंजवर जायला आवडतं आणि घरी असावी वाटते. यापेक्षा भारदस्त उत्तर तयार करू नका असं मी सांगेन. ‘वाईट माणसांना धडा शिकवायला’ असं म्हणणारा एकजण आमच्यात होता, तो पुढच्या फेरीत दिसला नाही.

ॲकॅडमीत पहिल्याच आठवड्यात रेंजच्या प्रशिक्षकाने बंदूकवाल्यांना हात वर करायला सांगितले आणि म्हणाला, तुमच्यावर मला दुप्पट मेहनत आहे, आधी जुन्या सवयी मोडायच्या. खरं होतं. माझी पकड बदलायलाच बरेच दिवस गेले.

नोकरीवर रुजू झालो तेव्हा पुन्हा एक फॉर्म आला. सुट्टीच्या वेळी जवळ ठेवायचं स्वतःचं शस्त्र खात्याकडे नोंदवावं लागतं आणि त्याच्यावर चाचणी पास व्हावी लागते. ग्लॉक मंजूर झालं, रिव्हॉल्वर यादीत बसत नाही म्हणून परत. त्या शून्याची की ओची भानगड मात्र सुटली: प्रशिक्षकाने भिंग लावून पाहिलं आणि शून्य म्हणून लिहायला सांगितलं.