इंग्रजीचा पहिला तास

सोमवार, १६ जून २०२५

शाळा आज उघडली. सकाळ प्रवेशोत्सवात आणि पाठ्यपुस्तके वाटण्यात गेली. पाचवीवरचा माझा इंग्रजीचा तास मधल्या सुट्टीनंतर झाला. आमच्या पाचवीत आसपासच्या वस्त्यांवरील आणि तांड्यांवरील चौथीपर्यंतच्या शाळांतून मुले येतात, त्यामुळे पहिल्या दिवशी बाई, वर्ग आणि शेजारी बसलेले मूल असे सगळेच त्यांना नवखे असते. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, म्हणजे या मुलांनी चार वर्षे ते ऐकले आहे. तरीही पहिल्याच तासाला एकेकाला उभे करून ‘माय नेम इज’ म्हणायला लावले, की पाळी यायची असलेली मुले धास्तावून बसतात आणि पाळी झालेल्यांचे लक्ष उडते. मुलांना बोलते करण्याआधी ऐकते करावे, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून आजचा तास मी पावसाने सुरू केला. मे महिन्यात बरसून गेलेल्या पावसाने आमच्याकडे सध्या दडी मारली आहे, तेव्हा तो आम्ही वर्गातच पाडला. मुलांना गोलात उभे केले आणि मराठीत एवढेच सांगितले, की कोणी बोलायचे नाही, मी करेन तसे फक्त करायचे. ‘रब युअर हँड्स’ म्हणत मी तळहात एकमेकांवर घासू लागले. माझ्या शेजारच्या मुलीने ते उचलले, मग तिच्या शेजारच्याने, आणि गोल पूर्ण होईपर्यंत वर्गात भुरभुर सुरू झाली. ‘स्नॅप युअर फिंगर्स’ म्हटल्यावर चुटक्यांचे थेंब पडू लागले, ‘क्लॅप’ला सर आली आणि ‘स्टँप युअर फीट’ला असा दणका उडाला, की शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन उभे राहिले. मग त्याच सूचना उलट्या क्रमाने देत पाऊस ओसरवला. दुसऱ्या फेरीत मी हात पाठीमागे धरून केवळ शब्द उच्चारले, आणि बहुतेकांना ते कळले.

तिसऱ्या फेरीत सूचना कोण देणार, असे विचारताच तांड्यावरून आलेली एक मुलगी पुढे झाली. तिच्या घरी गोरमाटी ही बंजारा समाजाची बोली बोलतात. मराठी तिची शाळेची भाषा आणि इंग्रजी त्याच्याही पुढची. ‘स्टँप फीट!’ असे ती खणखणीत म्हणाली. मी तिला अडवले नाही, ‘येस, स्टँप युअर फीट’ असे म्हणत पाय आपटू लागले. पुढच्या वेळी ‘युअर’ तिच्या तोंडून आपसूक आले.

यामागचा विचार नवा नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६० च्या दशकात जपानी भाषेतील आज्ञा ऐकवून, त्यांनुसार कृती करवून घेत प्रयोग केले आणि ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ ही पद्धत मांडली. लहान मूल बोलू लागण्याच्या कितीतरी आधी ‘ये’, ‘दे’, ‘बस’ ऐकून तसे वागते, हे त्यांचे निरीक्षण कोणतीही आई मान्य करील. या पद्धतीची मर्यादाही उघड आहे, कारण केवळ आज्ञांवर संभाषण उभे राहत नाही. पण पहिल्या दिवसाची भीती घालवायला मला तरी हिच्याइतके उपयोगी दुसरे काही सापडलेले नाही.

उरलेल्या वेळात फळ्यावर माझ्याविषयीची तीन उत्तरे लिहिली : ‘४’, ‘ग्रीन’ आणि ‘मँगो’. त्यांचे प्रश्न मुलांनी शोधायचे होते. शेजाऱ्याशी मराठीत कुजबुजायला मोकळीक ठेवली, कारण पहिल्याच दिवशी ‘ओन्ली इंग्लिश’चा धाक घातला, तर बोलू पाहणारी मुलेही गप्प होतात. रंगाचा आणि फळाचा प्रश्न लगेच आला, ‘४’ने मात्र वर्ग पेटला. ‘हाऊ मेनी ब्रदर्स?’, ‘हाऊ मेनी बफेलोज?’ असे करत करत कोणीतरी माझ्या मांजरांपर्यंत पोहोचले.

उद्या अशीच उत्तरे मुले स्वतःविषयी चिठ्ठीवर लिहितील आणि मी प्रश्न शोधेन. नवे पाठ्यपुस्तक बुधवारी उघडू.