‘सर्वानुमते मंजूर’

रविवार, रात्री साडेदहा

आजची बैठक अडीच तास चालली आणि तिच्या इतिवृत्ताला पहिल्यांदाच वहीची तीन पाने लागली. गेली सहा वर्षे आमच्या वसाहतीचा निमंत्रक या नात्याने ही वही मीच लिहितो आहे. धुळ्याहून साक्रीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत मिळून घेतलेली जमीन, तिच्यावर चौदा कुटुंबांची चौदा लहान घरे, एक सामाईक स्वयंपाकघर, एक बोअर आणि अर्ध्या एकराचा भाजीचा मळा, एवढा आमचा पसारा. वहीत जवळजवळ प्रत्येक ठरावाखाली माझ्या अक्षरात ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिलेले आहे. आज दुपारी जुनी पाने चाळताना त्या शब्दांची मला लाज वाटली.

निमित्त पाण्याचे आहे. फाल्गुन संपता संपता बोअर दम टाकू लागला, तेव्हा तीन आठवड्यांपूर्वी बैठक घेऊन मळ्याचे ठिबक पावसाळ्यापर्यंत बंद ठेवण्याचा ठराव आम्ही केला. चाळीस मिनिटांत सगळे आटोपले, कोणीही विरोध केला नाही आणि मी नेहमीचे शब्द लिहून वही मिटली. पुढच्या आठवड्यात रोज सकाळी मळ्याच्या एका कोपऱ्यातली माती ओली दिसू लागली. पहारा ठेवावा, दंड लावावा, अशी भाषा सुरू झाली. शेवटी कळले की पहाटे कॉक उघडणाऱ्या आमच्या अक्काच होत्या, ज्या त्या बैठकीत पहिल्या रांगेत बसलेल्या होत्या. भरिताच्या वांग्याची काही झाडे त्यांनी बियाण्यासाठी राखली होती. फळे झाडावरच पिवळी होईपर्यंत त्यांना पाणी हवे होते. बैठकीत का बोलला नाहीत, असे विचारल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “मन्हं कोन आयकस, भाऊ?”

हे ऐकून मी आधी चिडलो, हे कबूल करायला हवे. बोलायला कोणी अडवले होते? पण नंतर वही घेऊन बसलो आणि गेल्या दोन वर्षांतले सूचक आणि अनुमोदक मोजले, तर तीच चार नावे फिरून फिरून येत होती. चौघेही निवृत्त नोकरदार, चौघेही प्रमाण मराठीत बांधेसूद बोलणारे. त्यातला एक मी. बैठकीची वेळ सकाळी अकराची, म्हणजे स्वयंपाकघरात ज्यांची पाळी असते त्यांना कणीक अर्धवट टाकून यावे लागते, नाहीतर दाराशी उभे राहून ऐकावे लागते. ओट्यावर अहिराणीत तासन्‌तास भांडणारी, हसवणारी, हिशेब तोंडपाठ असणारी माणसे त्या सभागृहात खुर्च्या मांडल्या की मुकी होतात, आणि त्या मुकेपणाला मी सहा वर्षे संमती म्हणून नोंदवत आलो.

आमची वसाहत सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून नोंदलेली असल्याने वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याप्रमाणे होते. तिथे १४ दिवसांची सूचना, गणपूर्ती, एक सभासद एक मत, सारे काही ठरलेले आहे. परंतु सामाईक राहणीतले रोजचे निर्णय हात वर करून सुटत नाहीत, कारण आठ विरुद्ध सहा अशा मताने हरलेली सहा कुटुंबे त्याच संध्याकाळी त्याच पंगतीला बसतात. डेन्मार्कमध्ये १९७२ साली सेटेडामेन येथे अशा सहनिवासाची सुरुवात झाली, आणि तिथून जगभर पसरलेल्या वसाहतींपैकी अनेकींनी सहमतीची वाट धरली ती याचसाठी. नेदरलँड्समध्ये केस बूके या शिक्षकाने १९२६ मध्ये काढलेल्या शाळेत मुले आणि शिक्षक मिळून निर्णय घेत. त्या पद्धतीला पुढे गेरार्ड एंडेनबुर्ग यांनी आपल्या कंपनीत जे रूप दिले, त्यात प्रत्येकाला पाळीपाळीने बोलावे लागते आणि ‘मला हे पसंत नाही’ व ‘याने आपल्या कामाचे नुकसान होईल’ या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या जातात. पहिली ऐकून घ्यायची. दुसरी सुटेपर्यंत प्रस्ताव पुढे न्यायचा नाही.

हे मी मागच्या रविवारी मोठ्या उत्साहाने सांगितले, तेव्हा आमचे आबा शांतपणे म्हणाले, “गुरुजी, इतके लांब कशाला जाता? पांझरा नदीवरचा फड पाहिला नाही का?” आबांच्या वडिलांची जमीन फड बागायतीत होती. बंधाऱ्याच्या पाण्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पाणी पाटकऱ्याने द्यायचे. शेतकऱ्याने स्वतः पाण्याला हात लावायचा नाही. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवत, आणि बहुतेकांचे तुकडे निरनिराळ्या फडांत असल्यामुळे तो कोरडेपणा सगळ्यांच्या वाट्याला येई. आबांचे म्हणणे असे, की आमच्या ठरावात तहान एकट्या अक्कांच्या वाट्याला आली होती. बाकीच्या तेरा घरांच्या टाक्यांना कोणी हात लावला नव्हता. मला हे सुचले नव्हते. मी बोलण्याच्या पद्धतीत अडकलो होतो आणि आबा थेट पाण्यावर आले.

आज मग खुर्च्या काढून सतरंजी घातली आणि फेरी घेतली: ज्याला जी बोली येते तीत बोलावे, सर्वांचे एकदा झाल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा तोंड उघडू नये, आणि आम्ही चौघांनी शेवटी बोलावे. गप्प बसणे मला इतके जड जाईल असे वाटले नव्हते. दोनदा तोंड उघडले आणि दोनदा शेजारच्या वहिनींनी बोट दाखवले. फेरी कंटाळवाणीही झाली, कारण एकच गोष्ट पाच जणांनी पाच प्रकारे सांगितली. तरीही तिसऱ्या क्रमांकावर बोललेल्या सूनबाईंनी, ज्या आजवर कधीच बोलल्या नव्हत्या, भांडी धुतलेले पाणी मळ्याकडे वळवता येईल हे सांगितले. नळाच्या कामाचा अंदाजही त्यांनी आधीच काढून ठेवला होता. प्रत्येक घराने टाकी एक दिवसाआड भरावी, बियाण्याच्या झाडांना दोन-दोन बादल्या पाणी द्यावे आणि कॉकची किल्ली दर आठवड्याला एका घराकडे असावी, असे ठरले. पहिला आठवडा अक्कांचा.

नानांची हरकत मात्र सुटली नाही. दुसरा बोअर घेतल्याशिवाय वैशाख निघणार नाही असे त्यांचे ठाम मत आहे, आणि ते चूक आहे असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. म्हणून तिसऱ्या पानाच्या शेवटी ते नेहमीचे शब्द लिहिले नाहीत. ‘नानांची हरकत कायम, दुसऱ्या बोअरचा विषय पुढील रविवारी, दुपारी चार वाजता’ असे लिहून खाली सह्या घेतल्या. चारची वेळ अक्कांनी सांगितली.