भिंत लांब जाते म्हणणारी मुलगी

केसपेपरवर आमच्या ऑप्टोमेट्रिस्टने लिहिलं होतं, ‘वस्तू लहान दिसतात.’ तासगाव तालुक्यातलं द्राक्षबागायतदार कुटुंब. आई, वडील, आजी आणि तिघांच्या मध्ये अंग चोरून बसलेली नऊ वर्षांची मुलगी. सांगलीत डोळ्यांचा दवाखाना चालवताना अशी तक्रार घेऊन मुलं येतच असतात. बहुतेक वेळा त्यांना लांबचं अंधूक दिसत असतं आणि ते शब्दांत सांगता येत नसतं. हिने मात्र दोन्ही डोळ्यांनी तक्त्याची खालची ओळ न अडखळता वाचली.

आधी एका ठिकाणी दाखवून झालं होतं. ‘चष्म्याची हौस आहे, लक्ष देऊ नका,’ असं सांगून तिथून परत पाठवलं होतं. तेव्हापासून पोरगी काही बोलेनाशी झाली, असं आई म्हणाली. आजीचं मत वेगळं होतं. “मॅडम, तिन्हीसांजेलाच हुतंय तिला. भिंत लांब गेली म्हणती, हात मोठा झाला म्हणती. आमी अंगारा लावला, दृष्ट काढली.”

वडील दाराशी उभे होते. ऑक्टोबर छाटणी झालेली, फवारणीचे दिवस. त्यांचं लक्ष घड्याळाकडे.

डोळ्यांच्या पडद्याच्या मध्यभागी सूज आली तरी वस्तू लहान आणि वाकड्या दिसतात. म्हणून एकेक डोळा झाकून चौकटींचा तक्ता दाखवला. सगळ्या रेषा सरळ. तिरळेपणा नाही. थेंब घातले की जवळचं धूसर होतं, तेव्हा त्याआधीच तिच्या हातात कागद-पेन्सिल दिली आणि म्हटलं, “शाळेत काय दिसलं ते मला काढून दाखव.”

तिने बराच वेळ घेतला. अर्धा कागद व्यापून पेन्सिल धरलेला स्वतःचा हात काढला. त्याच्या पलीकडे वर्गाच्या भिंती आत आत जात होत्या आणि अगदी टोकाला, नखाएवढ्या, फळ्याजवळ उभ्या असलेल्या बाई. त्या एवढ्याशा आकृतीला तिने पदराची किनार काढली होती, हातातला खडू काढला होता. अंधूक दिसणारं मूल असं चित्र काढत नाही. हिला सगळं स्वच्छ दिसत होतं, फक्त आकार आणि अंतर बदलत होतं.

“बाई खरंच एवढ्याशा झाल्या होत्या का गं?”

“न्हाई. बाई तेवढ्याच असत्यात. मलाच तशा दिसत्यात.”

या उत्तराने माझं निम्मं काम झालं. भ्रम झालेल्या माणसाला आपल्याला दिसतंय तेच खरं वाटतं. हिला दिसणं आणि असणं यातला फरक पक्का माहीत होता. थेंब घालून पडदा पाहिला, नंबर काढला. सगळं नॉर्मल.

या त्रासाला ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड सिंड्रोम’ म्हणतात. लुईस कॅरॉल यांच्या १८६५ सालच्या पुस्तकातली अ‍ॅलिस बाटलीतलं पेय पिते आणि दहा इंचांची होते, केक खाते आणि तिचं डोकं छताला टेकतं. १९५५ मध्ये जॉन टॉड या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात असे रुग्ण मांडले आणि त्यांना हे नाव दिलं. कॅरॉल यांना स्वतःला अर्धशिशी होती, हे त्यांच्या डायरीवरून कळतं. मोठ्या माणसांत या त्रासाचं मुख्य कारण अर्धशिशीच. मुलांत विषाणूंचा ताप, विशेषतः एपस्टाइन-बार विषाणूचा, हेही कारण असतं. कधी त्यामागे फिट्स असतात, म्हणून तपासण्या टाळता येत नाहीत. डोळा चित्र बरोबर पाठवतो. ते केवढं आणि किती लांब हे मेंदू ठरवतो, आणि त्या हिशेबात काही मिनिटं गडबड होते.

कथा-कादंबऱ्यांतल्या पात्रांची नावं वैद्यकात बरीच आहेत आणि त्यातली पुष्कळशी मला आवडत नाहीत. अतिलठ्ठपणामुळे श्वास अपुरा पडून दिवसा पेंगणाऱ्या रुग्णांना १९५६ मध्ये डिकन्सच्या कादंबरीतल्या झोपाळू, लठ्ठ ज्योवरून ‘पिकविकियन’ म्हटलं गेलं. आजारपणाचे खोटे किस्से रचत हॉस्पिटलं पालथी घालणाऱ्यांना रिचर्ड अ‍ॅशर यांनी १९५१ मध्ये गप्पाड्या बॅरन मुंचाउसेनचं नाव दिलं. जोडीदारावर आंधळा संशय घेण्याच्या विकाराला शेक्सपिअरच्या नाटकातल्या संशयी नवऱ्यावरून ‘ऑथेल्लो’ हे नाव देणाऱ्यांतही हेच टॉड होते, तेही १९५५ मध्येच. रुग्णाची टिंगल करणारी किंवा त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारी ही नावं. मी ती रुग्णासमोर कधी उच्चारणार नाही. पहिली दोन तर आता वैद्यकातही मागे पडत चालली आहेत आणि ते योग्यच आहे. अ‍ॅलिसचं नाव मात्र मी मुद्दाम सांगते. अ‍ॅलिस खोटारडी नाही, वेडी नाही. तिच्या बाबतीत काहीतरी विचित्र घडतं आणि ती ते जसंच्या तसं सांगते.

मुलीला मी ती गोष्ट थोडक्यात सांगितली. बाटली, केक, आणि मान इतकी लांब होते की झाडावरचं कबूतर तिला साप समजतं. थेंबांमुळे बाहुल्या मोठ्या झालेल्या डोळ्यांनी ती ऐकत राहिली. मग पहिल्यांदाच आपणहून विचारलं, “मग ती पुन्हा नीट हुती का?”

“होते. तूही होशील.”

घरात कुणाचं डोकं दुखतं का, असं मी आईला विचारत होते. उत्तर दारातून आलं. “माझं दुखतंय. अर्धं डोकं. उन्हात फवारणी केली, जेवायचं ऱ्हायलं की उलटी हुस्तोवर.” जरा थांबून वडील पुढे म्हणाले, “आनि हे बी व्हायचं मला, लहानपनी. वस्तीवर झोपलं की छपराचं आढं लांब लांब जायचं. कुनाला सांगितलं न्हाई.”

आजी मुलाकडे बघतच राहिली. “आरं, मला तरी सांगायचंस.”

मुलगी वडिलांच्या जवळ जाऊन उभी राहिली आणि त्यांचा हात उलटासुलटा करून बघायला लागली.

मिरजेला मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, करून घेतला. फिट्सचा मागमूस नव्हता. बालरोगतज्ज्ञांनी औषध न देता वेळेवर झोप आणि वेळेवर जेवण एवढंच सांगितलं. शाळेसाठी मी चिठ्ठी दिली: ‘डोळे उत्तम आहेत. असं काही दिसलं आणि तिने सांगितलं, तर काही मिनिटं डोळे मिटून बसू द्यावं. ती खरं बोलते आहे.’ उन्हाळ्यापर्यंत हे प्रसंग तुरळक झाले.

वडिलांना मात्र मी सोडलं नाही. ते कृषी सेवा केंद्राशेजारच्या दुकानातून गोळ्या घेऊन एक दिवसाआड खात होते. महिन्यात इतके दिवस वेदनाशामक गोळ्या खाल्ल्या की त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. फवारणीच्या वहीतच डोकेदुखीची तारीख आणि त्या दिवशी किती वाजता जेवले ते लिहायला सांगितलं. पुढच्या खेपेला ती वही लेकीने भरून आणली होती.