श्रीखंडाच्या डब्यातल्या गोळ्या

गेल्या वर्षी मे महिन्यात पुतण्याचं लग्न होतं, वर्धा रोडवरच्या एका लॉनवर. नागपुरात मेमधलं लग्न म्हणजे पारा 45 च्या आसपास आणि कूलरसमोरच्या खुर्च्या पाहुण्यांनी सकाळीच धरलेल्या. माझं वय 58, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. चार दिवस उभ्यानं काढायचे होते, म्हणून घराजवळच्या मेडिकलमध्ये गेले. काउंटरवरच्या पोरानं काही न विचारता दुखण्याच्या गोळ्यांचा पत्ता काढला, कात्रीनं सहा गोळ्या कापून दिल्या. "काकू, जेवल्यावर घ्या, सकाळ-संध्याकाळ. मस्त आराम पडते."

पडला ना! तिथंच फसले. सहा संपल्या, आणखी दहा आणल्या. हळदीच्या दिवशी कंबर धरली तर नणंदेनं पर्समधून तिची गोळी काढून दिली, तीही घेतली. गॅसची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घेत होते, त्यामुळे आपण नीट काळजी घेतोय अशीच माझी समजूत.

लग्न आटोपून आठवडा झाला आणि पाय सुजले. चपलेच्या पट्ट्याची खूण तास-तास जाईना. लघवी कमी होत होती, पण उन्हाळ्यात होतेच, म्हणून तिकडे लक्षच दिलं नाही. बीपीची गोळी एकदाही चुकली नव्हती, तरी बीपी 170 वर. शेवटी सुनेनं ऐकलं नाही, धंतोलीत डॉक्टरांकडे नेलं. रक्ताचा रिपोर्ट आला, क्रिएटिनिन 1.9. दिवाळीत तेच 0.9 होतं. किडनीचं काम मंदावलं की हा आकडा चढतो.

डॉक्टर म्हणाले, घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या घेऊन या.

आमच्याकडे औषधं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात राहतात. तो तसाच उचलून नेला आणि टेबलावर उपडा केला. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवून एकेक तुकडा डोळ्यांजवळ नेला आणि तीन पत्ते बाजूला काढले. एकावर एसिक्लोफेनॅक, दुसऱ्यावर डायक्लोफेनॅक, तिसऱ्यावर आयबुप्रोफेन. "नावं तीन, पण घराणं एकच. यातली कोणतीही दोन एकत्र घ्यायची नसतात." त्यातल्या दोन पत्त्यांत पॅरासिटामॉलही मिसळलेलं, म्हणजे कणकण वाटली की मी वर वेगळी घ्यायचे ती दुबार होत होती. चौथ्या तुकड्यावर नावच नव्हतं. नाव छापलेला भाग कात्रीच्या पलीकडे दुकानातच राहिला होता.

मग त्यांनी समजावलं. सूज आणि ठणका वाढवणारं प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य शरीरात तयार होतं, ते या गोळ्या रोखतात. पण पोटाचं अस्तर जपायला आणि अडचणीच्या वेळी किडनीचा रक्तपुरवठा टिकवायला शरीराला तेच द्रव्य लागतं. माझ्या बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड. पहिलं किडनीच्या गाळणीतला दाब उतरवतं, दुसरं लघवीवाटे पाणी काढतं. एरवी दोन्ही गुणाचीच. त्यात लॉनवरचा घाम, पाणी प्यायला फुरसत नाही आणि वरून दुखण्याची गोळी, म्हणून किडनीला रक्तच कमी पडलं. शिवाय ती गोळी अंगात मीठ-पाणी धरून ठेवते, म्हणून सूज आली आणि बीपीही चढला.

"पण मी गॅसची गोळी घेत होते ना?"

"ती पोटाची राखण करते, बाई. किडनीची राखण ती करत नाही."

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं म्हणा.

घरी आल्यावर मुलानं आणखी एक ऐकवलं. गिधाडं संपत आली ती डायक्लोफेनॅकमुळे. औषध दिलेली जनावरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली आणि त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. म्हणून 2006 साली भारतात जनावरांसाठी ते बंद केलं. माणसाचं गणित वेगळं, मान्य. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुखण्याच्या गोळ्या सगळ्या बंद. बीपीची गोळी डॉक्टरांनी काही दिवस बदलून दिली. ती मनानं थांबवायची नाही, हे दोनदा बजावलं. पाणी किती प्यायचं तेही मापून सांगितलं. क्रिएटिनिन पाचव्या दिवशी 1.5, तिसऱ्या आठवड्यात 1.0. सूज त्याआधीच उतरली होती.

गुडघे काही नवे मिळाले नाहीत. आता दुखलं की पॅरासिटामॉल 650, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर आणि दिवसात तीनच्या वर नाही. गुडघ्याला मलम लावते. तेही डायक्लोफेनॅकचंच, पण त्यातून रक्तात फार थोडं औषध जातं, म्हणून डॉक्टरांना विचारून. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचा व्यायाम मात्र कंटाळवाणा आहे, मालिका पाहता पाहता उरकते. पावसाळ्यात ताप आला तरी जुन्या पत्त्यांना हात लावायचा नाही, कारण डेंग्यू असला तर याच गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. मेडिकलमध्ये गेले की बीपीच्या गोळीचं नाव आधी सांगते आणि नाव छापलेली बाजूच कापून मागते. तो पोरगा आता मला पाहिलं की कात्री खाली ठेवतो.

परवा वर्ध्याहून जाऊबाईंचा फोन. "गुडघे लय दुखून राहिले गं. मेडिकलवाल्यानं गोळी दिली, घेऊ का?"

म्हटलं, बीपीची गोळी कोणती चालू आहे ते सांगा आणि या नव्या पत्त्यावरचं नाव वाचा.

बराच वेळ पत्त्याची चुरचुर ऐकू आली.

"अगं, नाव कापल्या गेलं वाटते."