पूर्ण गाडी नको, एक सीट द्या: एकटीने गुलमर्गला स्कीइंग

गुलमर्गमध्ये सगळ्या गोष्टींचा भाव सहा जणांच्या कुटुंबाला धरून सांगितला जातो. गाडी सहा जणांची, खोली तिघांची, गाईड सगळ्यांना मिळून एक. एकट्या माणसाने तिथे स्वस्तात स्की करायचं तर दिवसभर एकच वाक्य म्हणत राहावं लागतं: पूर्ण गाडी नको, एक सीट द्या. पहिल्या दिवशी मी ते म्हटलं नाही आणि चांगला चटका बसला. तरीही बारा दिवसांचा एकूण खर्च 29,750 रुपयांत बसला, डोंबिवलीच्या घरातून निघून घरात परत येईपर्यंत.

हे शक्य झालं ते रेल्वेमुळे. 6 जून 2025 ला चिनाब पुलाचं उद्घाटन झालं आणि कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली. त्याआधी जम्मूला उतरून महामार्गाने रामबन-बनिहाल करत जावं लागायचं, आणि हिवाळ्यात तो रस्ता दरड किंवा बर्फाने कधी बंद होईल याचा नेम नसायचा. आता वांद्रे टर्मिनसहून स्वराज एक्स्प्रेस थेट कटऱ्याला जाते, साधारण तीस-एकतीस तासांत. आठवड्यातून चारच दिवस आहे, म्हणून सुट्टी गाडीच्या वारांप्रमाणे घ्या, उलटं करू नका. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. पुणेकरांना झेलम आहे, पण ती जम्मूपर्यंतच. मी थर्ड एसीने गेले. फेब्रुवारीत पंजाबातली रात्र स्लीपरच्या खिडकीतून आत येते, हे एका जुन्या प्रवासात शिकलेय.

स्वराज कटऱ्याला संध्याकाळी पोचते, त्यामुळे रात्र तिथेच काढावी लागते. वैष्णोदेवीच्या यात्रेकरूंमुळे स्टेशनजवळ सात-आठशेत स्वच्छ खोली मिळते. सकाळच्या वंदे भारतला मात्र वेळेआधी तासभर स्टेशनात जा. सामानाची आणि ओळखपत्राची तपासणी कडक आहे. चेअर कारचं तिकीट सातशेच्या आसपास, प्रवास तीन तासांचा. त्यातला बराचसा बोगद्यांत जातो. चिनाब पूल नदीपात्रापासून 359 मीटर उंच, पण गाडीतून तो काही सेकंदांचाच खेळ आहे. शेजारचे काका मोबाईल काढेपर्यंत संपला. बनिहालनंतर पीर पंजालचा 11 किलोमीटरचा बोगदा येतो. शिरताना करडे डोंगर होते, पलीकडे काझीगुंडला बाहेर पडलो तर शेतं पांढरी. डब्यात एकदम कालवा झाला.

घरी काय झालं तेही सांगते, कारण ते तुमच्याही घरी होईल. एप्रिल 2025 च्या पहलगाम हल्ल्यानंतर काश्मीर म्हटलं की आईचा चेहरा बदलतो, त्यात एकटी. ठरलं असं की रोज रात्री आठला फोन. तर लक्षात ठेवा: बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. निघण्याच्या आठवडाभर आधी पोस्टपेड करून घ्या, नाहीतर रात्री आठ वाजता आई पोलिसांना फोन लावेल.

आता माझी चूक. श्रीनगर स्टेशन नौगामला आहे, लाल चौकापासून लांब. मी थकले होते, बॅग जड होती, आणि बाहेरच एकाने गुलमर्गपर्यंत गाडी सांगितली. टंगमर्गला पोचल्यावर त्याने हात वर केले: पुढे बर्फ आहे, चाकांना साखळ्या नाहीत, वरची गाडी वेगळी घ्या. दोन गाड्यांचे पैसे गेले. हिवाळ्यात टंगमर्ग ते गुलमर्ग हा 13 किलोमीटरचा घाट साखळीवाल्या गाड्यांचाच, हे मला माहीत असायला हवं होतं.

बरोबर मार्ग असा. शहरातून परिमपोऱ्याच्या बसस्थानकावर या (बटमालूचं जुनं मोठं स्थानक तिकडे हलवलंय) आणि टंगमर्गची सुमो विचारा. विचारताना ‘सवारी’ (म्हणजे एक सीट) हा शब्द वापरा, मग कुणी पूर्ण गाडी गळ्यात मारत नाही. परत येताना मी दुसरा मार्ग वापरला: वाटेवरच्या मागाम गावापर्यंत सुमो, तिथून जवळच्या मझोम स्टेशनावर बनिहालकडे जाणारी काश्मीरची लोकल. श्रीनगरपर्यंतचं तिकीट वडापावपेक्षा स्वस्त.

मुक्काम गुलमर्गला न करता टंगमर्गला केला. माझ्या मते निम्मी बचत इथेच झाली. वर ज्या खोलीसाठी चार-पाच हजारांच्या खाली कुणी बोलत नव्हतं, तशी खाली नऊशेत मिळाली, आणि घरमालकीण आपा रात्री राजमा-भात वाढायच्या. खोली ठरवताना वायफाय विचारू नका. बुखारी (खोली गरम करणारी शेगडी) किती वाजेपर्यंत पेटती असते आणि वीज गेली तर काय, एवढं विचारा. इलेक्ट्रिक ब्लँकेट वीज असेपर्यंतच ब्लँकेट असतं. माझी रबरी गरम पाण्याची पिशवी, जिच्यावर घरी सगळे हसले, तीच कामी आली. बुखारी किंवा कांगडी (निखाऱ्यांची टोपली) पेटती ठेवून बंद खोलीत झोपू मात्र नका, त्यातून निघणाऱ्या विषारी वायूने माणूस झोपेतच जातो.

सकाळी आठच्या सुमाराला टंगमर्गच्या चौकात हॉटेलांतले कामगार, स्लेजवाले, स्की शिकवणारे वर जायला गोळा होतात. त्यांच्या सुमोत बसायचं. कांदूरकडची (तिथल्या भट्टीवाल्याकडची) गरम गिरदा रोटी हातात, मांडीवर कुणाचे तरी स्की. नंतर नंतर ड्रायव्हर मला बघून नुसती मान हलवायचा. पर्यटकांच्या गाड्या दहानंतर येतात, तोवर उतारावर तुमचे दोन तास झालेले असतात. एकटं असण्याचा हा खरा फायदा, कुणाची आंघोळ व्हायची वाट बघावी लागत नाही.

नवशिक्याला गंडोलाची, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारची, गरज नाही, हे ठळक करून सांगते. गुलमर्ग 2,650 मीटरवर आहे. बर्फ पडला की तिथलं गोल्फचं मैदान आणि आजूबाजूचे हलके उतार शिकायला पुरतात, ओढून उतारावर नेणाऱ्या ड्रॅग लिफ्ट आहेत. गंडोलाचा पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, दुसरा आफरवट डोंगरावर, साडेतीन हजार मीटरच्याही बराच वर. दुसऱ्या टप्प्यावर आखलेले, दाबलेले उतार नाहीत, मोकळा डोंगर आहे. 2023 आणि 2024 च्या फेब्रुवारीत इथे हिमस्खलनात परदेशी स्कीपटू गेले, आणि ते अनुभवी होते. मी चौथ्या दिवशी पहिल्या टप्प्यापर्यंत गेले, तेही बघायला. तिकीट आधीच ऑनलाइन काढा, आणि वारा सुटला तर वरचा टप्पा बंद राहतो हे धरून चाला.

वाचलेले पैसे शिकवणाऱ्यावर घाला. मी तीन दिवस माणूस लावला, दिवसाला दीड हजार, आणि उरलेले दोन दिवस एकटीने सराव केला. तासावर घेऊ नका, निम्मा तास बूट घालण्यात जातो. पहिल्या दिवशी मी हातांनी हवेत पोहत होते. तो म्हणाला, “मॅडम, चाय की ट्रे पकड़ी है समझो।” तेवढ्याने तोल आला. दुसऱ्या दिवशी स्कीची टोकं जवळ आणून थांबता आलं. तिसऱ्या दिवशी वळता आलं, डावीकडे. उजवीकडे वळायला पाचवा दिवस उजाडला. ज्यांना दोन आठवडे सुट्टी मिळते त्यांनी केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या गुलमर्गमधल्या स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेचा निवासी अभ्यासक्रम बघावा. राहणं, जेवण, साहित्य, शिकवणं एकत्र. मला तेवढी रजा नव्हती.

स्की, बूट आणि पोल मिळून दिवसाला आठशे पडले. स्कीची घासाघीस करा, बुटांची नको. थंडीच्या धास्तीने मी दोन मोजे घातले, त्यावर बसावेत म्हणून दुकानदाराने एक नंबर मोठे बूट दिले. आत पाय हलत राहिला आणि दुपारपर्यंत नडग्या सोलवटल्या. एकच लांब पातळ मोजा, आणि गुडघा वाकवल्यावर टाच जागेवरून उठायला नको. बूट चुकीचे निघाले तर लगेच परत जाऊन बदला, संकोच करू नका. वॉटरप्रूफ पँट तिथे भाड्याने मिळते, विकत घेऊ नका. गॉगल आणि सनस्क्रीन घरून न्या. बर्फावरून ऊन उलटं येतं, त्यामुळे नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा. माझं तिथलंच भाजलं.

कधी जायचं? जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीअखेर. डिसेंबरची तिकिटं स्वस्त दिसली तरी थांबा. जानेवारी 2024 मध्ये तर महिना अर्धा संपला तरी गुलमर्ग कोरडं होतं. मीही एक दिवस राखीव ठेवला होता, तो धुक्यात गेला. त्या दिवशी आपांकडे नून चाय प्यायले. मीठ घातलेला गुलाबी चहा, पहिला घोट साखरेच्या अपेक्षेने घेऊ नका. बदल्यात त्यांना शेंगदाण्याची चटणी दिली, ती त्यांनी भातावर घेतली.

परतीला पुन्हा कटऱ्यात रात्र. सकाळी खोलीचा जिना उतरताना नडग्या आणि मांड्या इतक्या धरल्या होत्या की मी कठडा पकडून उलटी, पाठीमागे पाय टाकत उतरत होते. खाली नाशिकच्या एक काकू उभ्या होत्या. म्हणाल्या, “जय माता दी! चालत चढलात ना, घोडा न करता?” मी म्हटलं, “हो.”